ॲटच्या उजवीकडे

एकतीस तारखेला संध्याकाळी सहाला
माझा पत्ता बंद झाला.
भोसरीची कंपनी, टूलरूम, चौतीस वर्षं.
त्यातली बावीस, माझ्या नावापुढे ॲट
आणि ॲटच्या उजवीकडे ते.
इरफान शिकलगार स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला,
सर, आता स्वतःचं घ्या.

घेतलं.
पण खाजगीवाले हे इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात.
पगारपत्रकात एक ए कमी, पासपोर्टात एक जास्त.
कमीवालं कुणीतरी आधीच अडवून ठेवलंय,
उघडलं की नुसती पाटी: विकणे आहे.
मी जास्तीच्या ए-चा झालो,
वर्षाला नऊशे नव्वद, वर जीएसटी.

नाव घेतलं म्हणजे टपाल येत नाही,
हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.
नाव म्हणजे नुसता सातबारा.
पत्राला भिंत लागते, भिंतीला पेटी,
आणि पेटीची किल्ली कुणाकडे तरी.

मायक्रॉनात मोजणारा माणूस मी, वहीत रकाने आखले.
एक फुकट: तो माझी पत्रं माझ्याआधी चाळणार
आणि मला गुडघ्याचे पट्टे दाखवणार.
एक स्वित्झर्लंडचा, त्याचं कुलूप असं
की किल्ली हरवली तर त्यालाही उघडत नाही.
वैजयंती म्हणाली, तू परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होतास.
एकाला पैसे युरोत हवे होते.
कार्ड तीनदा नाकारलं गेलं,
कर्वे रोडच्या बँकेतली मुलगी म्हणाली,
काका, परदेशी व्यवहार बंद आहेत तुमचे.
कधीपासून?
पहिल्यापासूनच.

मग दहा आणि वीस.
लहान आकड्याला मान मोठा:
पत्र आधी दहाकडे जातं, दहा नसेल तर वीसकडे.
आमचा गॅसवाला हेच करतो,
आम्ही नसलो की सिलिंडर उपळेकरांकडे.

बहुतेकांचा दर माणशी.
पेटी एक, माणूस एक, महिन्याला सव्वाशे.
वैजयंती सबनीस म्हणाली, मला धरू नकोस,
लग्नात नाही बदललं ते आता कशाला?
म्हणजे मी एकटा.

एकाच्या अर्जात मात्र, अगदी तळाशी, प्रश्न होता:
डावीकडे कुणाचंही नाव लिहून पत्र आलं
तर ठेवून घ्यायचं, की परत पाठवायचं?
तो नावं मोजत नव्हता. फक्त जागा मोजत होता.

या आडनावाचा आणखी एक माणूस आहे.
विद्याधर. धायरीला, इथून बावीस मिनिटं.
नवी पेठेतल्या दोन खोल्या विकताना
भावावरून बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली.
तिथे पोस्टमन वरचं नाव वाचायचा नाही,
आडनाव बघून सगळं एकाच खिडकीतून टाकायचा.
एकदा त्याच्या नापासाचं कार्ड माझ्या हाती आलं.
मी ते वाचलं.
तीन दिवस दप्तरात ठेवलं,
चौथ्या दिवशी त्याच्या उशीखाली.
आडनाव खाजगीवाले.

ठेवून घ्यायचं, यावर टिचकी मारली.

आकडे बदलले. सगळ्या जगाला कळायला
अठ्ठेचाळीस तास लागतात म्हणे.
दुसऱ्या रात्री, पावणेबाराला,
जुन्या फोनवरून एक पत्र पाठवलं.
माझ्या नावाने पाठवणार होतो,
डावीकडे बोटांनी विद्याधर लिहिलं.
आत दोनच ओळी.

आलं.
ठळक अक्षरांत, न वाचलेलं.

आलं का? आतून वैजयंती.
आलं, पण माझं नाही.

लॅपटॉप मिटण्याआधी कोपऱ्यात पाहिलं,
दहा जीबीपैकी
शून्य वापरलेलं दाखवत होतं.