रमात

झारेह उस्तादचं दुकान मोडलं तेव्हा
ऐरण विकली, तराजू विकला,
ओतकामाचं यंत्र इझमिरच्या एका पोराने नेलं.
पायांखालची लाकडी जमीन मात्र
आम्ही फळी फळी उखडून
खिळ्यांसकट पोत्यांत भरली.

इस्तंबूलच्या या जुन्या सराईत
सोनारांच्या झाडलोटीलाही नाव आहे: रमात.
फुटक्या साच्यांचं प्लास्टर, ब्रशचे केस,
मुशीला चिकटलेली टाकणखाराची काच,
हात धुतलेल्या पाण्याचा तळ.
इथे काहीच फेकत नाहीत.
माणसं सोडून.

शाबो मिद्यातहून आला होता, सतरा वर्षांचा.
एका मंगळवारी ओतीव झाडाचं देठ हरवलं,
सहा ग्रॅम, चौदा कॅरट.
शेवटी कुणाच्या हातात होतं, उस्तादने विचारलं.
मी म्हटलं, शाबोच्या.
खोटं नव्हतं ते.
त्याने खिसे उलटे केले, बूट काढले.
मोज्याचं भोक आम्ही सगळ्यांनी पाहिलं.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

झारेकऱ्याच्या भट्टीत फळ्या जळायला दोन दिवस लागले.
राख चाळली, चुंबकाने खिळे ओढून घेतले,
उरलेलं अम्लराजात गेलं; तांबूस धूर उठला, आम्ही मागे सरलो.
मग गाळून हिराकस सोडलं
आणि सोनं खाली बसलं,
कॉफीच्या कपात उरतो तसा तपकिरी चोथा.
सेरानुशबाई कपात भविष्य पाहतात.
यात डोकावल्या, काही बोलल्या नाहीत.

आटवल्यावर गोळी झाली एकसष्ट ग्रॅमची.
बत्तीस वर्षांच्या कानशी,
उस्तादची खोकल्यासरशी उडालेली कणी,
माझ्या बाहीवरून झडलेलं काहीबाही.
देठही फटीतून गेलं असेल.
नसेलही.
एकदा विरघळलं की कुणाचं कुठलं, सांगता येत नाही.

बाईंनी वाटे केले. मला अकरा ग्रॅम.
त्यातले सहा कापून मी काडेपेटीत ठेवलेत.
शाबो स्वीडनला टॅक्सी चालवतो म्हणे,
कुणी म्हणतं, वारला.

त्याचं देठ चौदा कॅरटचं होतं, हे शंभर नंबरी.
हिशेबाने साडेतीन ग्रॅम पुरले असते.
वरच्या अडीच ग्रॅमांना चिठ्ठीत काय म्हणायचं
ते सुचलं की पाठवीन.