आईचं नाव कुठे ठेवता

मोहाडीच्या बागेत चिलीहून पिलार आली,
आमच्या वेलींची छाटणी बघायला.
तिचं इंग्रजी उसनं, माझंही उसनं,
भाड्याची जीप दोघींनी मिळून हाकावी
तसं आमचं बोलणं, चढावर गिअर अडकत.

पहिल्या दिवशी भाऊसाहेबांना भेटताना
तिने गाल पुढे केला, तिकडच्या रीतीने.
भाऊसाहेब दोन पावलं मागे, थेट ठिबकच्या नळीवर.
वहिनी पदराआड हसल्या.
दुसऱ्या दिवशी पिलारने हात जोडले
तर वहिनींनीच गाल पुढे केला.
आता बोला.

गंगापूर रोडला मिसळ खायला नेली.
‘तिखट आहे?’
‘मध्यम.’
‘कोणाचं मध्यम?’
पोऱ्या म्हणाला, मॅडम चिलीच्या ना, मग काय!
त्याला सांगितलं, बाबा रे, मिरचीचा देश नाही तो.
दहा दिवसांत अकराव्यांदा सांगितलं हे.
तिने दही ओतलं, पापड मोडला, तर्री संपवली.
गालांवरून पाणी.
‘रडत नाहीये मी,’ म्हणाली, ‘नुसतं कळवतेय.’

परतताना विचारते, वेली झोपतात केव्हा तुमच्याकडे?
तिच्याकडे जून-जुलैत झोपतात,
काळ्या काटक्या होऊन, कोणी हात लावत नाही.
म्हटलं, आम्ही एप्रिलला खरडतो,
ऑक्टोबरला पुन्हा छाटतो,
डोळ्यांना पेस्ट लावून उठवतो.
‘झोपूच देत नाही?’
‘झोप कोणाला परवडते?’
मला वाटलं हसेल.
तिने ते वहीत उतरवून घेतलं.

मग मी विचारलं, शेजारी न सांगता येतात का तुमच्याकडे?
सांगून येतात, म्हणाली, पण सातचं सांगून साडेआठला.
वेळेवर पोचलात तर यजमानीण अंघोळीला गेलेली.
मला एकदम निफाडात असल्यासारखं वाटलं.

वहिनींचे प्रश्न मात्र सरळ,
चहाची बशी खाली ठेवायच्या आत तीन:
लग्न? मुलं? पगार?
मी भाषांतर करताना जरा पातळ केले.
तिने तसेच घट्ट ओळीने परत दिले:
नाही. एक. तुमच्या साहेबांपेक्षा कमी.
बशी हवेत राहिली.
नळीतून थेंब पडत होते, मोजता येतील इतके.
मग वहिनी म्हणाल्या, ‘नाव काय लेकराचं?’

मातियास. पुढे वडिलांचं आडनाव, मग तिचं.
मातीवर काडीने लिहून दाखवलं तिने,
दोन आडनावं, शेजारी शेजारी,
तिकडे सगळ्यांचंच असं असतं म्हणे.
मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटसुलट करून
रेवती अंबादास बोरस्ते, अक्षरं लावत,
विचारते,
‘आईचं नाव कुठे ठेवता तुम्ही?’

आम्ही नावं ठेवतो, म्हणणार होते, भरपूर ठेवतो,
पण हा विनोद उसन्या इंग्रजीत बसेना.
म्हटलं, शाळेच्या दाखल्यावर आहे.
एका रकान्यात.
‘आणि तिचं, तिच्या आईकडचं?’

मला माहीत नव्हतं.
म्हणजे आडनाव माहीत होतं, मोगल.
मामाच्या दारावर आहे ते.
पण मंदाकिनी हे नाव लग्नात मिळालं
एवढंच कधीतरी ऐकलेलं,
कोणाच्या तरी बारशात, जेवणं उरकताना.

रात्री खोलीवरून फोन लावला.
‘आई, लग्नाआधीचं तुझं पूर्ण नाव काय गं?’
पलीकडे मिक्सर बंद झाला.
इतका वेळ गेला की वाटलं फोन कटला.
‘झुंबर,’ म्हणाली. ‘झुंबर कारभारी मोगल.’
आणि लगेच, नेहमीच्या आवाजात,
‘का गं? कुठला फॉर्म भरायचाय?’