गुरुवारला शुक्रवाराशी बांधणारी रात्र

एर्झुरूमच्या बसस्थानकात, सात नंबरच्या खिडकीत
अकरा वर्षं मी तिकिटं देते आहे.
हिवाळ्यात काचेला आतून बर्फ धरतो,
तो नखानं खरवडून पलीकडची माणसं बघते.

अंकाऱ्याची गाडी शून्य-शून्यला सुटते.
यंत्र चार शून्यं छापतं, मध्ये दोन ठिपके,
जणू कुणी डोळे विस्फारून बसलंय
आणि दिसत काहीच नाही.
मुख्य कचेरीला मी पत्र लिहिलं होतं:
तेवीस एकोणसाठ छापा, लोक चुकतात.
उत्तर आलं: गाडी बाराला सुटते.

दुर्सुनकाका आले तेव्हा साडेअकरा झाले होते.
काखेत मधाचा पत्र्याचा डबा,
दोरीनं चार वेढे घालून आवळलेला.
तिकीट शुक्रवारचं. वारही शुक्रवारच.
"अर्धा तास आधीच आलो," म्हणाले.
साडेतेवीस तास उशीर झाला होता.

हे कसं सांगायचं ते कुणी शिकवत नाही.
मी तिकिटावर बोट ठेवलं.
काका, हा शुक्रवार उजाडायच्याही आधी गाडी गेली.
काल तुम्ही जेवलात, दिवा मालवलात,
तेवढ्यात.

"दिवा मालवला तेव्हा गुरुवार होता," ते म्हणाले,
"उठलो तेव्हा शुक्रवार.
मध्ये दार कुणी वाजवलं नाही."

खरं आहे. आमच्या बोलीत त्या वेळेला वार नाही,
नातं आहे:
गुरुवारला शुक्रवाराशी बांधणारी रात्र.
आई असं म्हणायची. बातम्यांतही असंच म्हणतात,
भूकंप केव्हा झाला ते सांगताना.
गाठ अर्धी या दोरीची, अर्धी त्या दोरीची.
यंत्राला गाठ छापता येत नाही.

दुर्सुन म्हणजे 'राहो'.
आधीची तिन्ही गेली, म्हणून चौथ्याचं नाव असं.
जन्मदिवस कुणी लिहून ठेवला नव्हता,
सरकारी कागदावर एक जानेवारी,
गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखाच.
"एका दिवसाची चूक मला नवी नाही," म्हणून हसले,
आणि ते हसू आवरायचं राहूनच गेलं चेहऱ्यावर.

अंकाऱ्यात भाऊ आहे, नेजाती.
चौदा वर्षांचा अबोला, एका अक्रोडाच्या झाडापायी.
झाड केव्हाच वाळलं.
मंगळवारी त्याचा फोन आला: डोर्टमुंडला परत निघालोय,
आलास तर बघू.
काकांनी खिशातून कागद काढला,
सिगारेटच्या पाकिटाची आतली बाजू, पेन्सिलीचं अक्षर:
विमान. शनिवार रात्र. बारा पाच.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
यंत्राचा शनिवार असेल
तर विमान सुटायला अजून पस्तीस मिनिटं.
माणसाचा शनिवार असेल
तर एक आख्खा दिवस, वर पस्तीस मिनिटं.
नेजाती कोणत्या शनिवारी बोलत होता, कोण जाणे.
विमानतळावर तोही उद्या अर्धा तास आधी जाऊन
कुणाच्या तरी बोटाकडे बघत उभा राहील कदाचित.
कदाचित आत्ता चढत असेल.

मी काही बोलले नाही.
नवं तिकीट छापलं, शनिवार, चार शून्यं,
पैसे माझ्या पर्समधून घातले.
काका म्हणाले, थांब, थोडा मध घे.
दोरी सोडू लागले; बोटं गारठलेली,
नखं तुटकी, गाठ ओली होऊन सुकलेली.
चालकानं भोंगा वाजवला.
"येताना," म्हणाले.

गाडी गेली. बारा वाजून पाच मिनिटं झाली
तेव्हा मी काचेवर नव्यानं धरलेला बर्फ खरवडत होते.
बाहेर फलाटावर झाडूवाला सेलामी
जमादाराला विचारत होता,
आजची हजेरी आजच्या पानावर लावू,
की कालच्या?