गयतं कुठी

भारंबे सरांनी फोनवर एवढंच विचारलं,
"पानी गयतं कुठी, रमजानभो?"
मी यावलला ट्रॅक्टरच्या रेडिएटरला डाख देतो.
विमानाचं इंजिन मी कशाला पाहिलं असेल!

फैजपूरच्या पुढं, केळी भरायची त्यांची जुनी शेड.
वजनकाटा अजून दाराशी, त्यावर आता पंखाची फळी.
सर म्हणजे मास्तर नव्हेत, प्रयोगशाळेतले शिपाई,
परीक्षानळ्या धुता धुता ठरवलं म्हणाले,
त्याला अकरा वर्षं झाली.
नाक उघडं, वायरी बाहेर,
पाखरासारखं काही दिसत नव्हतं ते.

बाटलीवर काकूंच्या नेलपॉलिशची रेघ,
आणि दर आठवड्याला हिरवं पाणी
रेघेच्या दोन बोटं खाली.
जमिनीवर डाग नाही.
तेलाची काडी ओढली, पुसली, परत ओढली:
तेलाला ताकाचा रंग नाही.
धुराला गोडसर वास नाही.
सायकलच्या पंपानं हवा भरली,
काटा दुपारभर जागचा हलला नाही.
"डॉक्टर आला की पोराचा ताप उतरतो,
तसं चाल्लंय हे," सर म्हणाले, थोडे ओशाळून.

मी विचारलं, पाणी कोणतं घातलं होतं?
ते पान्हा पुसत राहिले.
मग म्हणाले, "बोअरचं. दोनदाच.
इंजिन पहिल्यांदा चालू व्हायचं होतं ना त्या दिवशी."

रात्री तिथंच राहिलो.
काकूंकडून पावडरचा डबा मागून घेतला,
प्रत्येक जोडावर, प्रत्येक नळीवर
हलक्या हातानं भुरभुरली.
गोणपाटावर पडलो. जानेवारी.
बाहेर कुणीतरी बागेत ओला पाला पेटवून
धूर धरला होता, केळीला चरका बसू नये म्हणून.
झोप कसली लागते.

पाचला बॅटरी लावली.
खालच्या नळीवर, क्लिपच्या कडेला,
पांढऱ्यात एक ओली रेघ, दोऱ्याएवढी,
आणि तिच्या टोकाला थेंब.
पडावं की नाही, असा.
सरांना उठवलं. ते चष्म्याशिवायच आले,
वाकले, आणि कुणी झोपलेलं असावं
तसं हळू आवाजात म्हणाले, "हाच का तो?"

थंडीनं रबर आखडायचं, तेव्हा गळायचं.
ऊन चढलं की फुगून बंद.
थेंब खालच्या पत्र्यावर पडायचा,
इंजिन तापलं की उडून जायचा.
क्लिपचे दात रबरात रुतलेले होते,
चार वेळा आवळल्याच्या खुणा.
दिवसा पाहून गेलो असतो
तर पाचव्यांदा मीच आवळली असती.

नळी काढली. आतल्या ॲल्युमिनियमच्या तोंडाला
पाणी तापवायच्या पातेल्यासारखी पांढरी खर.
बोअरचं ते दोनदाच.
बारीक पॉलिशपेपरनं गोल गोल घासली,
उभी नाही, उभ्या ओरखड्यातून पाणी वाट काढतं.
नवी नळी ब्लेडनं सरळ कापली.
क्लिप भुसावळच्या भंगारातली, स्प्रिंगची:
रबर आखडलं तर तीही आवळते,
फुगलं तर जागा देते,
पान्हा लागत नाही.
बॅटरीवाल्याकडचं पाणी, निम्मं ते, निम्मं हिरवं.
शेपटी खड्ड्यात उतरवून नाक वर केलं,
नळ्या दाबत बसलो,
शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत दहा वाजले.

मजुरी विचारली तर मी म्हटलं, नळीचे द्या.
काकूंनी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला.
पावडरचा डबा मात्र परत मागितला.

उडायची परवानगी अजून कुठल्याशा टेबलावर आहे.
ते विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही.

पण तीन दिवस पहाटे पाचला मी फोन केला.
तीनही दिवस एकच शब्द आला: "रेघेवर."
चौथ्या दिवशी मी झोपून राहिलो, तर त्यांचाच.
बायको कुशीवर वळून म्हणाली,
इतक्या अंधारात कोणाचं काय झालं?
मी म्हटलं, काही नाही,
काहीच झालं नाही,
तेच सांगायला केला त्यांनी.