किल्लीची डबी

लक्ष्मीपुरीत सादिक मोमीननं काउंटरवर
तीन डब्या मांडल्या, साड्या मांडाव्यात तशा.
पहिली बटणांची, आत निळा दिवा.
म्हटलं, आणि सेल संपला तर?
सादिकनं ती गुमान मागं सारली.
दुसरीचं झाकण अंगठ्यानं दाबलं, तर आत गेलं.
बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात पाना धरलाय,
पत्रा मला खोटं बोलू शकत नाही.

तिसरी ओतीव, हाताला जड.
चार आकड्यांची चक्रं, वर रबराची टोपी,
बोल्ट आतनं, म्हणजे उघडल्याशिवाय उपसायची नाही.
कानाशी धरून फिरवली.
टिक. टिक. कुठं सैल नाही.
बाराशे सांगितले, हजाराला दिली.

वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो.
अंबाबाईला येणारी माणसं, हुबळीची, लातूरची,
रात्री दोनला टेकतात.
इतके दिवस किल्ली हौसाक्काकडं असायची,
बोळाच्या पल्याडच्या खिडकीत.
ती किल्ली द्यायची आणि विचारायची,
गाव कुठलं, पोरं किती, जेवलासा काय?
एका बाईनं लिहून पाठवलं:
खोली स्वच्छ, पण समोरच्या मावशींनी
माझा पगार विचारला.

मग आकडा. जन्मसाल नको.
फटफटीचा नंबर तर अख्ख्या शिवाजी पेठेला पाठ.
पाहुणा गेला की बदलायचा, असा नियम केला.
हौसाक्काला म्हटलं, आता तुम्हाला जागरण नाही.
"बरं झालं बाबा," म्हणाली,
आणि खिडकीची कडी
लागत होती त्यापेक्षा जोरात लावली.

पहिल्याच शनिवारी, पावणेदोनला,
फाटकाशी मोबाईलचा उजेड.
मी अंथरुणात पडून ऐकतोय.
टिक, टिक, टिक. थांबलं.
पुन्हा पहिल्यापासनं.
कुणीतरी कानडीत कुणावर तरी वैतागलं.
उठावं का नको, उठलो तर
हजार रुपये कशाला घातले?

तेवढ्यात समोरची कडी वाजली.
"शेवटचा सात अडकतोय बघा,
उलटा फिरवून आणा त्याला.
हां. आता ओढा.
जेवलासा काय?"

डबी बसवली त्या दिवशी
ती खिडकीत लसूण सोलत होती.
आणि मला आकडे पुटपुटायची सवय,
वर्कशॉपातली.

सोमवारी पाहुणे गेले.
नियमाप्रमाणं आकडा बदलला.
पुटपुटलो,
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.