मोजणी

काळ्या फिल्मवर डॉक्टर टिपणीसबाईंनी पेनाचं टोक टेकवलं.
"हे गडद दिसतंय ना, ते पाणी.
सगळ्यांच्याच डोक्यात असतं.
तुमचं जरा ऐसपैस पसरलंय."

ठाण्याच्या भूमापन कचेरीत तेहेतीस वर्षं
मी तळ्यांचे काठ मोजले.
दर फेरमोजणीला पाणी मागे सरकलेलं,
जमीन पुढे आलेली,
आणि जमिनीवर कुणाचं तरी जोतं.
उलटं कधी पाहिलं नव्हतं.
जमीन आक्रसतेय, तळं वाढतंय,
आणि हरकत घ्यायला शेजारी कुणी नाही.

"घेता का?"
"माफक."

हा शब्द मी नकाशावर चालवून घेतला नसता.
एका शिकाऊ पोराने लिहिलं होतं, 'विहीर, माफक खोल',
त्याला टेप देऊन परत पाठवला, भर उन्हात.
बाईंनीही मला परत पाठवलं:
"माफक म्हणजे किती?"

दर शनिवारी साठचे दोन.
स्टीलचं माप, एका तोंडाने तीस, दुसऱ्याने साठ.
कधी सांडली नाही, आवाज चढला नाही,
रविवारी साडेसहाला कचराळीला पाच फेऱ्या.
शैलजा लोकांना सांगायची,
"आमच्याकडे घेतात, पण पीत नाहीत."

रिक्षात रिपोर्टच्या पाकिटावर गुणाकार केला.
बावन्न शनिवार, तेहेतीस वर्षं.
दोनशे सहा लिटर, थेंबभर इकडेतिकडे.
आमच्या माळ्यावरची टाकी दोनशेची आहे.

निघताना विचारलं होतं, "यानेच झालं का?"
"असं बोट ठेवून नाही सांगता यायचं.
वय आहे, साखर आहे,
वडील कसे होते ते तुम्हालाच माहीत.
पूर्वी आम्हीच म्हणायचो, थोडी हृदयाला बरी.
आता म्हणायला जीभ धजत नाही.
थोडीचाही हिशेब मेंदू ठेवतो, असं दिसतंय.
दिसतंय, इतकंच."

चांगली बाई.
हद्द जिथे संशयाची होती
तिथे तिने तुटक रेघ काढली.

घरी फिल्म खिडकीच्या काचेला लावली.
सवयीने कोपऱ्यात प्रमाण शोधलं,
उत्तरेचा बाण शोधला.
डावं-उजवं तेवढं लिहिलेलं.
फिल्ममधून समोरची आठ मजली इमारत दिसत होती.
तिच्या पार्किंगखाली
माझ्याच शीटवरचं एक तळं आहे.
शिंगाडे निघायचे तिथे,
काठाला उंबर, क्षेत्र एक एकर सात गुंठे,
दक्षिणेला धुण्याचे तीन दगड.
सगळं आहे.
नाव नाही.

शैलजाला विचारलं नाही. तिने ओळखलं बहुतेक.
आमटीत पळी फिरवत राहिली,
ढवळण्यासारखं काही नसताना.

आज शनिवार.
जिन्यात त्याच्या चपला वाजतात, डावी जरा फरफटत.
हाच साखळीचं टोक धरून माझ्यापुढे चिखलात उतरायचा,
चेंदणीचा गडी, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून
तंबाखू मळणारा.
त्याच्या मुलीच्या लग्नात मी अक्षता वाटल्या.
त्याच्या बायकोने तळलेली मांदेली दर शनिवारी याच डब्यातून येते,
झाकणाला पोचा पडलेला,
तो पोचा कोणत्या साली पडला तेही सांगतो विचारा तर.

दार ढकलून तो हजेरी घेतो, कचेरीत घ्यायचे तशी,
"मुकुंद रामचंद्र गडकर!"

मी माप पुसत असतो,
कोरड्या फडक्याने, आतून,
मग परत आतून.

"आलास?" मी म्हणतो.
"ये. बस."