मागील सभेचे इतिवृत्त

परिपत्रक आलं तेव्हा मी घरपट्टीच्या पावत्या फाडत होतो.
बालसभा घ्यावी. फोटो, स्थानासह, पाचच्या आत.
आमडोलीत रेंज मिळते ती
पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर,
म्हणून फोटो आधी काढला, सभा नंतर.

एकोणतीस पोट्टे. समाजमंदिरातली सतरंजी,
तिच्यावर कोणाच्या तरी लग्नातली हळद.
सरपंचबाईंनी बिस्किटांचा पुडा फोडला, म्हणाल्या,
बोला रे, आज तुमचं राज.
कोणी बोललं नाही.
बिस्किटं संपेपर्यंत तर अजिबातच नाही.

मग गुंजन नैताम उठली. सातवी ब.
(आमच्याकडे सातवी अ नाही.)
"साहेब, आधी मागच्या सभेचं वाचा न जी."
मी म्हटलं, काय?
"मागच्या सभेचं. आई सदस्य हाय माही. ते म्हणते,
आधी मागचं वाचतात, कायम करतात,
मंग नवीन."

रजिस्टर काढलं. पान एकशे बारा. अक्षर माझंच.
बालसभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.
चहापानानंतर सभा संपली.
एवढंच.
चहासुद्धा नव्हता.

"आमी तं लय बोललो होतो," मागून कोणीतरी.
"हापशीचं."
"संडासाच्या चावीचं."
"चावी अजून बी मोठ्या बाईच्या पर्समंदीच हाय."
गुंजननं हात वर केला, खांद्यापासून सरळ:
"मंग हे कायम नाही करत आमी."

चौदा वर्षं झाली नोकरीला.
नाली, घरकुल, दिवाबत्ती, कोंडवाड्याचा लिलाव,
सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.
मागचं कायम न करणारं माणूस
पहिल्यांदा पाहिलं,
त्याच्या गणवेशाला बटणाच्या जागी सेफ्टीपिन होती.

कोरं पान घेतलं. म्हटलं, हळू बोला, जसंच्या तसं लिहितो.

विठोबा टेकाम, तिसरी: हापशीचा दांडा मी खाली ओढतो
तं दांडा मलेच वर नेते.

रेणुका कोवे, पाचवी: अंगणवाडीपाशीचा दिवा
दुपारी लागते, राती नाही लागत.

एक जण नाव सांगेना. म्हणाला,
पहाटेची यष्टी बंद करा.
काहून रे?
बाबा तिच्यातच बसून जाते, हैदराबादले.

इथं पेन अडला.
सवयीनं ओळ तयार होती:
विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही.
लिहिली नाही. यष्टी लिहिली, वेळ लिहिली,
पाच वाजून दहा मिनिटं.
सूचक: पोरगं, निळा स्वेटर.
अनुमोदक विचारला
तर अख्खी सतरंजी उभी राहिली.

सव्वीस जानेवारीला मोठ्यांची सभा.
पोरांचं पान विषय क्रमांक चार.
गणपूर्तीला साठ लागतात, आले बावीस,
त्यातले दोघं खुर्च्या मांडायला.
पोट्टे दाराच्या चौकटीत, खिशात कागदी झेंडे,
बोटं हलवत मोजत होते.
अर्धा तास वाट पाहिली. लिहिलं,
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

"तहकूब म्हंजे काय जी?" विठोबा.
पुढे ढकलली.
"कुठी?"

गुंजन सगळ्यांना घेऊन वळली.
मला वाटलं, घरी गेले.
मी शिक्का शोधत होतो,
तेवढ्यात वरच्या मोहल्ल्यातून कड्या वाजू लागल्या,
एकेका दाराच्या,
आणि तिचा आवाज:
"चला न जी, अडतीस कमी हायेत."

थोड्या वेळानं, जरा जवळून:
"सदतीस."